गाडीचे सांधे

मनुष्याचें वय त्याच्या केंसांवरून ओळखावें, असें लोक म्हणतात. आमच्या मतें तें सांध्यांवरून ओळखावें. केंसांना रंग देतां येतो, दांत नवे बसवितां येतात. परंतु जिना चढतांना गुडघा जो बारीकसा आवाज करतो, त्याला कसलेंहि सोंग आणतां येत नाहीं. मोटारगाडीचेंहि तसेंच आहे. तिला नवा रंग द्यावा, गाद्यांना नव्या खोळी घालाव्या, समोर गणपतीची मूर्ति चिकटवावी. पण खड्ड्यावरून जातांना खालून 'खट्' असा जो आवाज येतो तो तिचें खरें वय सांगून टाकतो. हा आवाज आमच्या घरच्या गाडींतून गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस प्रथम ऐकूं आला. त्यापायीं आमच्या हातून एक चूक घडली, ती सुधारतांना कांहीं गोष्टी समजल्या, आणि ज्या घरांत एक जुनी गाडी व एक वृद्ध माणूस आहे अशा घरांना त्या उपयोगी पडतील असें वाटल्यावरून हें लिहीत आहोंत.

आम्ही बार्शीटाकळीस राहतों. घर एकत्र आहे. आबा म्हणजे आमचे वडील, काकू, दादा, वहिनी, त्यांची मुलगी व मुलगा, आणि आमच्याकडचीं चार माणसें, मिळून रोज दहा पानें मांडावीं लागतात. आबांनीं अडतीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें. आज त्यांचें वय एक्याऐंशी आहे. दृष्टि चांगली, स्मरण उत्तम, घरचा जमाखर्च अजून त्यांच्याच वहींत लिहिला जातो. परंतु गेल्या आषाढांत ते न्हाणीघरांत घसरले आणि पाठीच्या कण्यांतील एक मणका दबला. अकोल्याच्या डॉक्टरांनीं पट्टा बांधून दिला, औषधें लिहून दिलीं, दर पंधरा दिवसांनीं येऊन दाखवा म्हणून सांगितलें, आणि निघतांना म्हणाले, "हाडें ठिसूळ झालीं आहेत, यांना धक्का बसूं देऊं नका."

सांगणाऱ्याला तें सोपें होतें. बार्शीटाकळीहून अकोला सुमारें वीस किलोमीटर. तेवढा रस्ता जावयाचें, तेवढाच परत यावयाचें, आणि धक्का म्हणून बसूं द्यावयाचा नाहीं! एस. टी. च्या गाडींत त्यांना बसविण्याचा प्रश्नच नव्हता. घरांत होती ती २००९ सालीं घेतलेली मारुती ८००. पंधरा वर्षें पुरीं झाल्यावर परिवहन कार्यालयांत नेऊन, तपासणी करवून, आणखी पांच वर्षांसाठीं तिची नोंदणी वाढवून घेतलेली. १४ डिसेंबर १९८३ रोजीं या जातीची पहिली गाडी विकली गेली आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. कित्येक मध्यम घरांतील पहिली मोटार म्हणजे हीच. आमच्याहि घरांतील ती पहिलीच, आणि अजून तरी शेवटचीहि.

आतां, वऱ्हाडांतील रस्त्यांना नुसती नांवें ठेवून भागत नाहीं. त्यांच्या पायाखालीं काय आहे तेंहि पाहिलें पाहिजे. आपली काळी जमीन ही सुमारें सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीं पसरलेल्या ज्वालामुखीच्या खडकाची माती. तिच्यांत जी बारीक चिकणमाती आहे ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हानें आक्रसते. चैत्र-वैशाखांत शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. श्रावणांत तीच जमीन फुगून एक होते. कपाशीला हा गुण वरदान आहे, कारण ओलावा खोल टिकतो. रस्त्याला मात्र तोच शाप आहे. वरचें डांबर कितीहि चांगलें असो, खालची जमीन दरसाल श्वास घेतल्यासारखी वरखालीं होत असेल, तर रस्त्यावर लाटा उठावयाच्याच, कडा खचावयाच्याच. म्हणून या मातीवर रस्ता करतांना मुरुमाचा जाड थर द्यावा लागतो किंवा मातींत चुना मिसळावा लागतो. चांगला रस्ता येथें होतच नाहीं असें मात्र नव्हे. जून २०२२ मध्यें याच आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर पंचाहत्तर किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला आणि त्याची गिनीज बुकांत जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. परंतु विक्रम महामार्गावर होतात, आणि माणसें आडगांवांत राहतात. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा जो तुकडा असतो, तोच गाडीचे सांधे खातो.

आमच्या आजोबांच्या काळीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटलेला होता. माल बंडींतून जात असे आणि माणसें दमणींतून. बंडीच्या चाकाला लोखंडी धांव, आणि चाक व माणूस यांच्यामध्यें लवणारी वस्तु म्हणावी तर खालीं पसरलेला कडबा आणि त्यावरची गोधडी एवढीच. खड्डा आला की बैल हळू होत, आणि माणूस एका हातानें दांडी धरून बसे. विलायतेंतील घोडागाड्यांना १८०४ च्या सुमारास पोलादी पट्ट्यांच्या लंबगोल कमानी लागल्या. आपल्याकडे टांग्याला ज्या कमानी आपण पाहिल्या, आणि ट्रकला आजहि जे 'पाटे' असतात, ते त्याच कुळांतले. मोटारींत त्या पट्ट्यांची जागा पुढें वेटोळ्याच्या स्प्रिंगनें घेतली.

या स्प्रिंगचा धर्म आबांनीं आम्हांला लहानपणीं शाईच्या दौतीला रबरी दोरी बांधून समजावून दिला होता. दुप्पट भार घातला तर दोरी दुप्पट ताणते. रॉबर्ट हूक नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें हा नियम १६७८ सालीं प्रसिद्ध केला. परंतु दोरी ताणून सोडली की दौत एकदां वर येऊन थांबत नाहीं. ती पुष्कळ वेळ नाचत राहते. गाडीचेंहि असेंच होईल. स्प्रिंग धक्का पोटांत घेते, पण घेतलेला परत देते, आणि एका खड्ड्यानंतर गाडी दहा वेळां डुलेल. म्हणून स्प्रिंगच्या सोबतीला एक नळकांडें असतें. त्यांत तेल असतें, आणि तेलांतून वरखालीं होणाऱ्या दट्ट्याला बारीक झडपा असतात. तेलाला त्या चिंचोळ्या वाटेनें जावें लागतें, त्यांत डुलण्याचा जोर खर्ची पडतो आणि त्याची उष्णता होऊन जाते. आमच्या बाजारांत यालाच 'शॉकअप' म्हणतात. नांवावरून वाटतें की धक्का तो खातो. वस्तुतः धक्का खाते स्प्रिंग, आणि तिची चंचलता आवरतो शॉकअप. कोणत्याहि एकत्र कुटुंबांत धक्के सोसणारें एक माणूस आणि आदळआपट शांत करणारें दुसरें माणूस असतें. दोघांपैकीं एक थकलें तरी घर हालूं लागतें.

याशिवाय चाकाला जागेवर धरून ठेवणारा, खालून आडवा आलेला एक पोलादी हात असतो. त्याला 'लोअर आर्म' म्हणतात. त्याच्या गाडीकडच्या टोंकाला रबराचा 'बुश' आणि चाकाकडच्या टोंकाला 'बॉल जॉइंट', म्हणजे वाटींत बसविलेला गोळा असतो. आपल्या खुब्याच्या सांध्याची रचना अगदीं अशीच आहे. रबर उन्हापाण्यानें चिरतें. गोळ्यावरचें रबरी टोपण फाटलें की आंत चिखल शिरतो, वंगण वाहून जातें आणि वाटी झिजते. मग तो 'खट्' ऐकूं येतो.

आमचा 'खट्' डाव्या बाजूचा होता. दादा आणि आम्ही गाडी अंगणांत घेतली, जॅकवर चढविली, आणि चाक वरखालीं धरून हलविलें. तों तें हातांत ढिलें लागलें. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ होता, आणि टायरावर हात फिरवितांना ठिकठिकाणीं उंचसखल लागत होतें. जें काय झिजावयाचें तें सर्व झिजलें होतें. दादा म्हणाला, "गॅरेजवाला दोन दिवस गाडी ठेवून घेईल. आपण घरींच कां करूं नये?" आमच्या अंगांतहि त्या दिवशीं उत्साह संचारला. शिकल्यासवरल्या माणसानें हातांत पाना धरूं नये, ही जुनी समजूत आमच्या घरांत कधींच नव्हती. आबा घड्याळें स्वतः उघडीत असत. म्हणून आम्ही भाग आणावयास निघालों.

येथें आमची चूक झाली. एका दुकानांत मूळ कंपनीचा लोअर आर्म होता आणि त्याच्या शेजारींच दुसरा, जवळजवळ तशाच खोक्यांतला, साडेचारशें रुपयांनीं स्वस्त. "साहेब, एकच माल आहे, तुम्ही नांवाचे पैसे देतां," असें दुकानदार म्हणाला. त्यानें दिलेली कच्ची चिठ्ठी आम्हीं खिशांत घातली, दोन्ही बाजूंचे भाग घेतले, आणि शॉकअप पुढच्या खेपेला पाहूं म्हणून परतलों. दसऱ्याच्या आधल्या रविवारीं भाग बसविले. आवाज बंद झाला. वहिनींनीं शिरा केला. संध्याकाळीं आबांच्या वहींत 'गाडी दुरुस्ती, घरीं' असें लिहिलें गेलें, आणि आमच्या आग्रहावरून त्यापुढें 'बचत रु. ९००' असेंहि.

पौष महिन्यांत, म्हणजे पुरत्या अकरा आठवड्यांनीं, आबांना अकोल्याहून परत आणीत होतों. वाटेनें एकदोनदां आवाज आला. वाटलें, दगड उडाला असेल. गल्लींत शिरून फाटकाशीं वळण घेतलें, तोंच खालून मोठा आवाज झाला, डावें चाक बाहेरच्या अंगाला तिरपें पडलें आणि गाडीचा डावा खांदा धप्पदिशी खालीं बसला. वाटींतला गोळा सुटून बाहेर आला होता. गाडी माणसाच्या चालीनें चालली होती म्हणून एवढ्यावर निभावलें. आबा पुढच्या आसनावर होते. त्यांनीं हूं कीं चूं केलें नाहीं. फक्त दरवाजाची कडी धरलेला हात कांहीं वेळ सोडला नाहीं. पाठ पुन्हां दुखावली आणि सतरा दिवस त्यांना पडून राहावें लागलें. दहा मिनिटांपूर्वीं हाच गोळा मोठ्या रस्त्यावर, ताशीं साठ किलोमीटरच्या वेगांत सुटला असता तर काय झालें असतें, हा विचार त्या रात्रीं घरांत प्रत्येकाच्या मनांत होता आणि कोणीच तो बोलून दाखविला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही आबांच्या खाटेशीं जाऊन बसलों. ते म्हणाले, "कितीला घेतला होतास?" आम्हीं सांगितलें. ते थोडा वेळ छताकडे पाहात राहिले आणि म्हणाले, "तुझी रीत बरोबर असेल. पण पहिलाच आंकडा खोटा घेतलास. मग पुढची सारी आंकडेमोड अचूक असून उपयोग काय?" याहून अधिक ते कांहीं बोलले नाहींत. रागावले असते तर बरें वाटलें असतें.

मग आम्हीं तो फुटलेला भाग धुऊन, मूळ कंपनीच्या नव्या भागाशेजारीं ठेवून पाहिला. जें आधीं पाहावयाचें तें मागाहून पाहिलें. वाचकांच्या उपयोगासाठीं सांगतों. खोटा भाग हातांत हलका होता; पत्रा पातळ. सांध्यावर झाळ ओबडधोबड होती. खऱ्या भागाच्या गोळ्याचा दांडा नवेपणीं बोटांनीं सहज हलत नाहीं, घट्ट आणि एकसारखा फिरतो. खोट्याचा पहिल्या दिवसापासून मोकळा होता, आणि आम्हीं तो 'मऊ चालतो' म्हणून वाखाणला होता! रबरी टोपणाला कडेनें सांचाची शिवण सुटलेली होती. खोक्यावरील अक्षरें किंचित् पुसट, भागाचा क्रमांक खोक्यावर एक आणि धातूवर कांहींच नाहीं. हल्लीं पुष्कळ कंपन्या खोक्यावर चकाकणारी मुद्रा किंवा दूरध्वनीनें तपासावयाची चौकट छापतात. तिच्याकडे आम्हीं ढुंकूनहि पाहिलें नव्हतें. जी गाडी लाखांनीं खपली आणि जिचें उत्पादन थांबलें, तिच्या सुट्या भागांना गिऱ्हाईक पुष्कळ असतें आणि खरा माल शोधावा लागतो. खोट्याला अशीच जागा हवी असते.

तक्रार करावी असें दादाचें मत पडलें. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानें दुसऱ्याचें चिन्ह खोटेपणानें लावणारास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें बनावट मालाबद्दल जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते. कायदा आमच्या बाजूचा होता. पण कागद नव्हता. त्या कच्च्या चिठ्ठीवर ना दुकानाचें नांव, ना भागाचा क्रमांक, ना तो पंधरा अक्षरांचा जी. एस. टी. क्रमांक. ज्या नऊशें रुपयांची बचत वहींत मांडली होती, त्यांत आमचा न्याय मागण्याचा हक्कहि आम्हीं विकून टाकला होता. तेव्हांपासून आमच्या घरीं पक्क्या पावतीशिवाय खिळाहि येत नाहीं.

दुसऱ्या खेपेला भाग मिळविण्याची रीत आधीं ठरविली. प्रथम गाडीच्या जुन्या भागावरचा व पुस्तकांतला क्रमांक जुळवून कागदावर लिहिला. 'मारुतीचा लोअर आर्म द्या' असें म्हणणें म्हणजे 'तापाचें औषध द्या' म्हणण्यासारखें आहे. मग अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी केली, आणि जो भाग तेथें मिळाला नाहीं तो नामांकित कारखान्याच्या नेमलेल्या विक्रेत्याकडून मागविला. शॉकअप तर आपल्या महाराष्ट्रांतच पुष्कळ वर्षें होत आले आहेत; १९६१ सालीं स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा पहिला कारखाना मुंबईस मुलुंडला होता. दिल्लीचें काश्मिरी गेट असो कीं मुंबईचा चोरबाजार, जुन्या गाड्यांचे शोकीन तेथें जाऊन दुर्मिळ वस्तु आणतात. पण दाराचा मुठ्या किंवा दिव्याची कांच जुन्या बाजारांतून आणणें निराळें, आणि ज्यावर चाक टिकतें तो सांधा आणणें निराळें. आम्हीं आमच्यापुरता नियम केला: जो भाग मोडला तर गाडी फक्त कुरूप दिसेल, त्यांत काटकसर करावी, जो मोडला तर माणूस पडेल, त्यांत करूं नये.

संक्रांतीनंतरच्या रविवारीं पुन्हां अंगणांत काम मांडलें. या वेळीं पुतणीहि सामील झाली. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि पहिल्या खेपेस तिला आम्हीं फक्त पाने आणून देण्यापुरती वापरली होती. तिनें गाडीचें दुरुस्ती-पुस्तक मिळवून रात्रभर वाचलें होतें. मागच्या चाकांना दगड लावले. गाडी जॅकनें उचलून लोखंडी घोड्यांवर टेकविली, कारण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखालीं शिरणें म्हणजे यमाला आमंत्रण देणें होय. चाकें काढलीं. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्रींच तेल घालून ठेवलें होतें.

शॉकअप बदलावयाचा म्हणजे त्याच्याभोंवतींची स्प्रिंग काढावी लागते, आणि हा भाग घरीं करावयाचा नाहीं, हें आम्हीं आधींच पक्कें केलें होतें. साडेसहाशें किलोंच्या आसपास वजनाच्या या गाडीचा पुढचा एकेक कोपरा ती स्प्रिंग पेलते; खांबाच्या माथ्यावरचा मधला नट तिला दाबून न धरतां सोडला तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. म्हणून मधल्या नटाला हात न लावतां, फक्त वरच्या कडेचे नट आणि खालचे दोन बोल्ट काढून, स्प्रिंगसकट सबंध खांबच आम्हीं बाहेर घेतला आणि दोन्ही खांब अकोल्यास एका जुन्या मिस्त्रीकडे नेले. त्याच्याजवळ स्प्रिंग दाबण्याचें यंत्र होतें. त्यानें कामाकडे पाहून मान डोलविली आणि म्हणाला, "भाऊ, बरं केलं आणलं थे. स्प्रिंगच्या नादी घरी नका लागू. थे सांगून नाई सुटत." त्यानें नवे शॉकअप बसविण्यापूर्वीं उभे धरून चारपांच वेळां सावकाश दाबले व ओढले, म्हणजे आडवें ठेवल्यानें आंत शिरलेली हवा निघून जाते; आणि दांड्याच्या चकचकीत अंगाला पकड लावूं दिली नाहीं, कारण त्यावर एक ओरखडा पडला तरी तेलाचें टोपण तेथून फाटतें. दोन्ही बाजूंचे एकदम बदलले. एक डोळा नवा आणि एक जुना अशी गाडी सरळ चालत नाहीं.

खांब परत आणून बसविले. लोअर आर्म बसविला, बुशचा बोल्ट घातला, आणि दादानें पाना लावून जोरानें आवळावयास सुरुवात केली, तोंच पुतणी ओरडली, "बाबा, थांबा! काका, तुम्हींहि मागच्या वेळीं असाच आवळला होता का?" आम्हीं होय म्हटलें. ती म्हणाली, "मग तो बुश फाटणारच होता." तिनें आम्हां दोघांना जमिनीवर बसवून समजावून दिलें. बुशमधलें रबर आंतल्या व बाहेरच्या नळीला घट्ट चिकटलेलें असतें. तें फिरत नाहीं, पिळतें. गाडी अधांतरीं असतांना हात खालीं लोंबतो. त्या स्थितींत बोल्ट आवळला तर रबराला तीच आपली विश्रांतीची जागा वाटते. मग गाडी जमिनीवर उतरली कीं रबर कायमचें पिळलेलें राहतें, आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळून कांहीं महिन्यांत फाटतें. म्हणून बोल्ट हातानें लावून ठेवावा, चाकें बसवावीं, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करावी, आणि भार घेतलेल्या स्थितींतच पुस्तकांत दिलेल्या मापानें, माप दाखविणाऱ्या पान्यानें तो अखेरचा आवळावा.

तात्पर्य, पहिल्या खेपेस आमचा आंकडा तर खोटा होताच, पण रीतहि चुकली होती. आबांनीं जो एक गुण आम्हांला दिला होता तोहि पुतणीनें काढून घेतला.

ही गोष्ट मनांत घोळत असतां आम्हांला आमच्या गांवचें कालिकादेवीचें जुनें देऊळ आठवलें. लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. परंतु तेथील शिलालेख शके १०९८, म्हणजे इ. स. ११७६ चा आहे, आणि तो काळ हेमाडपंताच्याहि आधींचा. या बांधणींत चुना नाहीं. घडीव दगडावर घडीव दगड बसविला आहे, आणि प्रत्येक सांधा वरच्या भारानेंच घट्ट झाला आहे. साडेआठशें वर्षांपूर्वींच्या त्या पाथरवटांना आमच्या पुतणीचा नियम ठाऊक होता: सांधा भार घेऊन बसवावा. नातीगोतींहि अशींच बसतात, असें आम्हांला वाटतें. सणासुदीला, अधांतरीं, गोड बोलून घट्ट केलेला संबंध पहिल्या खड्ड्याला फाटतो; दुखणेंबाणें, कर्ज, म्हातारपण यांचें वजन अंगावर घेऊन जो जुळतो तो टिकतो.

संध्याकाळीं हाताचें वंगण निघेना. काकूंनीं, "त्या हातांनीं माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशींहि येऊं नका," म्हणून बजावलें. पण वाटींत गोडें तेल आणि मूठभर साखर त्यांनींच आणून दिली, आणि त्यानें हात खरेंच स्वच्छ झाले. दुसऱ्या दिवशीं गाडी हळूहळू अकोल्यास नेऊन चाकांची सरळ रेषा यंत्रावर जुळवून घेतली. हें काम विसरूं नये. सांधे बदलल्यावर चाकांचे कोन बदलतात, आणि नवे टायर तिरपे झिजतात.

माघांत आबांना पुन्हां अकोल्यास न्यावयाचें होतें. ते गाडींत बसावयास तयार होतील कीं नाहीं अशी आम्हांला धास्ती होती. ते काठी टेकीत आले, पुढच्या आसनावर बसले, आणि सवयीप्रमाणें उजव्या हातानें आसनाची कड व डाव्या हातानें दरवाजाची कडी धरली. गल्ली संपली, फाट्यावरचा तो खचलेला तुकडा आला. गाडी खालीं गेली, वर आली, आणि थांबली. पुन्हां डुलली नाहीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. पांचसहा किलोमीटर गेल्यावर मागून पुतणीनें आमच्या खांद्याला हलकेंच बोट लावून खूण केली. आम्हीं पाहिलें तों आबांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि ते झोंपले होते. आषाढापासून त्यांना गाडींत डोळा लागलेला आम्हीं पाहिला नव्हता.

त्या रात्रीं त्यांनीं वही मागून घेतली. 'बचत रु. ९००' ही ओळ त्यांनीं खोडली नाहीं. जमाखर्चांत खाडाखोड करूं नये हा त्यांचा दंडक. तिच्याखालीं नव्या तारखेनें, थरथरत्या पण सुवाच्य अक्षरांत एवढेंच लिहिलें: 'लोअर आर्म दोन, शॉकअप दोन. खरे. पावती जोडली आहे.'